बुधवारची शेगडी

व्यंकटराव, तुमच्या सुतकात मला जागा मिळाली नाही, हे आधी सांगून टाकतो. दहाव्याला घाटावर तुमच्या गावाकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी कोन?" म्हटलं, साडू. "मंग तुमाला काय न्हाई. तुमी तिकडं सावलीत बसा." चांगल्या मनानंच म्हणाला बिचारा, ऊन चढलं होतं. माझी बायको नंदा, तिची थोरली बहीण अक्का तुमची बायको, एवढंच आपलं नातं. या नात्यात डोकं करायचं नसतं, दाढी वाढवायची नसते, पिंडापाशी बसायचं नसतं. बसलो सावलीत. कुणीतरी चहाचा कप हातात दिला. चहा फक्कड झाला होता आणि मला त्याचाच राग आला.

तुमच्यावर माझा हक्क काय, असं त्या म्हाताऱ्यानं पुढे विचारलं असतं तर मला एकच उत्तर देता आलं असतं. बुधवार.

बाहेरच्या माणसाला आपला बुधवार समजावून सांगावा लागतो. जग रविवारी सुट्टी घेतं, आपल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. वीजवाल्यांनी कधीकाळी तशी पाळी लावून दिली, ती तशीच राहिली. आता गुरुवार म्हणजे दत्ताचा वार. तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही त्या दिवशी अंडंसुद्धा फुटत नाही. ज्या दिवशी हात मोकळे त्या दिवशी तोंड बंद, हे या पट्ट्यातल्या निम्म्या कामगारांचं रडगाणं आहे. तुम्ही रडत बसला नाहीत. उन्हाळा लागला की बुधवारची फर्स्ट शिफ्ट मागून घ्यायचात. त्यापायी इतरांच्या नाइट शिफ्ट अंगावर घ्यायचात. पण बुधवारी दुपारी चाकणहून सुटून थेट चऱ्होलीचं घर गाठायचं आणि ऊन कलायला लागलं की गच्चीवर कोळसे लाल झालेले असायचे, यात कधी खंड पडला नाही.

आम्ही दोघं तोवर पिंपळे सौदागरहून स्कूटरवर येऊन पोचायचो. आमच्या सोसायटीत असलं काही शक्य नव्हतं. तिथं बाल्कनीत पापड भाजला तरी ग्रुपवर मेसेज पडतो. एकदा मी हौसेनं विजेवर चालणारी ग्रिल आणली आणि तुम्हाला मुद्दाम बोलावलं. तुम्ही एक तुकडा तोंडात टाकलात, बराच वेळ चावलात आणि विचारलंत, "पाव्हणं, ह्ये भाजलंय का उकडलंय?" ती ग्रिल आता माळ्यावर आहे. त्यानंतर आमच्याकडे कधी भाजणं झालं नाही.

आणि तुमच्या त्या शेगडीचा जन्म आठवला की मला अजून हसू फुटतं. परवा बसमध्ये एकटाच हसलो. शेजारचा माणूस सरकून बसला. कुदळवाडीच्या भंगारातून तुम्ही लोखंडी पिंप आणलंत, उभं चिरलंत, पाय जोडलेत, चौकोनी सळ्यांची जाळी केलीत. वेल्डिंग असं की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. मी क्वालिटीतला माणूस, आयुष्य दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात गेलं, पण त्या शेगडीत मला चूक सापडेना. चूक तुम्ही शेवटी केलीत. तुमच्या शॉपमध्ये ट्रॉली असो की गेट असो, रेडऑक्साइडचा हात मारल्याशिवाय माल बाहेर जात नाही. हाताला लागलेली सवय. तुम्ही शेगडीला आतून, बाहेरून आणि जाळीच्या प्रत्येक सळीला तांबडा रंग मारलात. दोन हात. वाळवून, नीट.

पहिल्या बुधवारी त्यावर कोंबडी चढली. धूर निघाला तो असा की खालून जाणारा दूधवाला थांबून वर बघायला लागला. रंगाला फोड आले, वास नव्या गेटचा. तुम्ही मात्र मान्यच करेनात. एक तंगडी पूर्ण खाल्लीत, हाडसुद्धा चोखलंत आणि गंभीरपणे म्हणालात, "मसाला जरा कच्चा राहिलाय."

नंदा म्हणाली, "दाजी, तो मसाला नाही, रंग आहे."

अक्का इतक्या हसल्या की त्यांना जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं. मी खिशातल्या खडूनं शेगडीच्या पोटावर मोठ्या अक्षरात 'रिजेक्ट' लिहिलं. त्या संध्याकाळी आपण अंडाभुर्जी आणि पाव खाल्ले. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही रिकामी शेगडी लाकडं घालून जाळत होतात आणि तारेच्या ब्रशनं खरवडत होतात. असली चूक फक्त चांगला फॅब्रिकेटरच करू शकतो, असं मी तेव्हा म्हणालो होतो. तुम्हाला तो टोमणा वाटला. मी खरंच म्हणत होतो.

मग ते सगळं बसलं. पहाटे शिफ्टला जायच्या आधी तुम्ही कोंबडीला दही, आलं-लसूण, गावाहून आलेला काळा मसाला आणि करडईचं तेल चोळून, स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचात. करडईचं तेल म्हटलं की तुमचा आवाज बदलायचा. उदगीरकडची करडई आणि इकडची करडई यातला फरक तुम्ही मला निदान दर उन्हाळ्याला एकदा सांगितला असेल. मला तो कधी कळला नाही, पण मी मान डोलवायचो, कारण त्या वेळी डब्याचं झाकण उघडलेलं असायचं. दोघी बहिणी खाली भाकरी थापून वर यायच्या. तापलेल्या स्वयंपाकघरातून एका संध्याकाळची त्यांची सुटका व्हायची. गच्चीच्या कठड्याला टेकून त्या बोलत राहायच्या आणि आपण भांडत राहायचो.

आपलं भांडण माशावरून. मी दाभोळचा, माझं दूध तुटलं ते बांगड्यावर. तुम्ही उदगीरचे. पहिल्यांदा तुम्ही धरणातली चिलापी घेऊन गच्चीवर आलात तेव्हा मी म्हणालो होतो, "हा मासा आहे?"

"मंग काय म्हैस हाय?"

"चिखलाचा वास येतो याला. आणि खवले तरी काढा त्याचे."

"खवला काढायचा न्हाई. खवला काढला की कातडी जाळीला धरती. मंग बसा उलथनं घेऊन खरवडत."

"आणि मसाला आत कुठून जाणार? खवल्यातून?"

"पोटातून. तोंड दिलंय की त्याला, पोट दिलंय. सगळ्यांनी कातडीतूनच खायचं असतंय व्हय?"

तिथून जे सुरू झालं ते चालूच राहिलं. मी कोकमाच्या आगळात मुरवलेला बांगडा आणायचो, पोट साफ, अंगावर तिरप्या चिरा. तुमचं म्हणणं असायचं की एवढ्याशा माशाला भाजायचं काय, नुसता निखारा दाखवायचा. तुम्ही माझा बांगडा खायचात आणि नाक मुरडायचात. मी तुमची चिलापी खायचो, खवल्यासकट कातडी सोलून बाजूला टाकायचो आणि म्हणायचो, बघा, अर्धा मसाला गेला कचऱ्यात. दोघी बहिणींना न्याय करायला सांगितला की नंदा हात झटकायची. अक्का म्हणायच्या, "मला दोन्ही सारखेच." मला वाटायचं किती समंजस बाई आहे.

एका उन्हाळ्याचं बोलायचं राहून गेलंय, ते आता बोलतो. माझी कंपनी बंद पडली तो उन्हाळा. घरात बसवेना म्हणून सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचो आणि पार्कात बसायचो, इतपत मजल गेली होती. भेटेल तो माणूस पहिला प्रश्न तोच विचारायचा, कुठं झालं का काही? सोसायटीतले विचारायचे, भाऊ फोन करून विचारायचा, देवळातला पुजारीसुद्धा विचारायचा. बुधवारी तुमच्या गच्चीवर जायची मला भीतीच वाटत होती. नंदानं जवळजवळ ओढून नेलं. तुम्ही मला बघून म्हणालात, "या पाव्हणं. आज चिलापी अशी घावलीय, तुमी खाऊन गप बसणार." बस. नोकरीचा शब्द नाही. त्या उन्हाळ्यातल्या एकाही बुधवारी नाही. तुम्ही फक्त माशावरून भांडलात, आणि जरा जास्तच कडक भांडलात, माझा एक मुद्दा सोडला नाहीत. बाकी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. तुमच्या गच्चीवर मी पूर्वीइतकाच तावातावानं बोलणारा, पूर्वीइतकाच चूक असलेला माणूस होतो. पावसाळ्यात मला नोकरी लागली. तुम्हाला पेढे दिले, पण जे म्हणायचं होतं ते म्हटलं नाही. भाऊ असता तर मिठी मारली असती, मित्र असता तर शिवी दिली असती. साडूचे आभार कसे मानायचे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

यंदा ऊन लवकर तापलं म्हणून तुम्ही होळीच्या आधीच शेगडी बाहेर काढलीत. त्या बुधवारी निम्म्यात तुम्ही चिमटा माझ्याकडे दिलात. "जरा बघा जाळी," म्हणालात आणि खुर्चीवर बसलात. इतक्या वर्षांत त्या चिमट्याला तुम्ही मला हात लावू दिला नव्हता. मला वाटलं, बढती मिळाली. खूश होऊन कोळसे इकडेतिकडे सारत बसलो, तुम्ही दुरून सूचना देत होतात, मी त्यातली एकही ऐकत नव्हतो. छान संध्याकाळ होती ती. पुढचा बुधवार आलाच नाही. त्या संध्याकाळी काही खूण होती का, हे मी शोधायचा प्रयत्न केला, तर नंदा म्हणाली, शोधू नका. दाजी दमले होते आणि तुम्ही तिथं होतात, एवढंच होतं. मी तिचं ऐकायचं ठरवलंय.

आता तेराव्यानंतरचं सांगतो, कारण ते तुम्हाला ठाऊक असायलाच हवं.

सासऱ्यांकडची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. तेरावं झालं की माहेरची माणसं दुखवटा घेऊन येतात. साडी, टॉवेल-टोपी द्यायची आणि त्या घरात आपल्या हातानं तिखटाचं जेवण रांधून घालायचं. घरच्या बाईनं त्यातला घास घेतला की दुखवटा उतरला, मग त्या घरात पुन्हा मटण-मासळी शिजायला मोकळीक. अक्का आणि नंदाला भाऊ नाही. सासू-सासरे कधीच गेले. म्हणजे अक्कांचं माहेर म्हणून जे काही उरलंय ते आम्ही दोघं. घाटावर ज्याला सावलीत बसवलं, त्याच्याच हातात शेवटी चिमटा आला.

मी म्हटलं, बुधवारीच करायचं आणि शेगडीवरच करायचं.

पण आधी एक गाठ सुटायची होती. तुमचे धाकटे भाऊ नामदेवराव अजून चऱ्होलीतच होते. त्यांचं ठरलं होतं की वहिनींना गावी घेऊन जायचं. लेक नाशिकला सासरी, इथं एकट्या काय करणार? आणि ते तेराव्याच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वहिनीनं आता मटण-मासं सोडावं. आमच्याकडं सोडतेत. नाव ठेवायला जागा र्‍हायला नको." अक्का खाली मान घालून ऐकत होत्या.

माझं डोकं तिथंच सणकलं. नवरा गेला म्हणून बाईनं तोंडातला घास का टाकायचा? तुम्ही अक्कांच्या आधी गेलात यात बांगड्याचा काय गुन्हा? मी घरी येऊन नंदासमोर मोठं भाषण केलं. ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "अक्काला विचारलंत का?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, इतकी वर्षं आपल्याबरोबर खात आल्यात त्या. मी भाषणाची तयारीच करून ठेवली. नामदेवरावांनी एक शब्द काढायचा अवकाश, असा बेत होता.

बुधवारी पिंपरीच्या बाजारात गेलो. बांगडे घेतले. मग तुमच्या नावानं चिलापी घेतली. मासळीवाली मावशी ओळखीची, तिनं विचारलं, "खवले काढू का ठेवू? तुमचे पाव्हणे ठेवा म्हणायचे." मी क्षणभर अडखळलो. मग म्हणालो, काढा. तुम्ही गेलात म्हणून मी माझं मत बदलणार नव्हतो. तसं केलं असतं तर तुम्हालाच ते आवडलं नसतं. रस्ताभर मी स्वतःला हे बजावत होतो आणि भोसरीच्या सिग्नलला माझे डोळे भरून आले.

गच्चीवर कोळसे पेटता पेटेनात. तुम्ही पुठ्ठा कसा हलवायचात ते मी इतके उन्हाळे बघितलं आणि माझ्या हातात राख उडण्याशिवाय काही येईना. नंदानं डोळे पुसत माझ्या हातातला पुठ्ठा घेतला, धुरानं की कशानं ते मी विचारलं नाही. नामदेवराव खुर्चीवर बसून बघत होते. शेवटी निखारे धरले. कोंबडी बरी झाली. बांगडे चांगले झाले. आणि चिलापी जाळीला चिकटली. उलटायला गेलो तर कातडी जाळीवर आणि मासा चिमट्यात. खाली पडलेले तुकडे कोळशावर जळायला लागले. मी उलथनं घेऊन खरवडत बसलो, अगदी तुम्ही सांगितलं होतं तसा.

अक्का वर आल्या तेव्हा मी हेच करत होतो. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. नंदानं ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माशाचा बारीकसा तुकडा मोडला, ओठाला लावला, नमस्कार केल्यासारखं डोळे मिटले आणि ताट बाजूला ठेवलं. दुखवटा उतरला.

"बघा," नामदेवराव हळूच म्हणाले, "वहिनीनं सोडलंच."

हाच तो शब्द. मी उठलो. चिमटा हातातच होता. "नामदेवराव, एक सांगतो," म्हणून मी सुरुवात केली. काळ कुठं चाललाय, आमच्या घरात असलं चालणार नाही, व्यंकटरावांना हे चाललं असतं का. माझा आवाज चढला होता. शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे काढता काढता थांबली.

"विनायकराव, बसा तुम्ही," अक्का म्हणाल्या. "मी काही सोडलेलं नाही. मी धरलंच नव्हतं कधी."

मी बसलो.

"मला नाही आवडत मटण-मासळी. पहिल्यापासून नाही. आमच्या आकुर्डीच्या घरात आईला कोण सांगणार? तेच सासरी. पंगतीत बसलं की खायचं."

"अक्का, काहीही काय सांगतेस," नंदा म्हणाली. "माझ्या ताटातला तुकडा उचलून घ्यायचीस तू!"

"घ्यायचे आणि ह्यांच्या ताटात सरकवायचे. लग्न झाल्यावर वर्षाच्या आतच ह्यांनी ओळखलं. कुणाला बोलले नाहीत. बुधवारी शेगडीच्या कडेला राखेत दोन कांदे आणि एक वांगं पुरून ठेवायचे माझ्यासाठी. भाकरीबरोबर मी तेच जेवायचे. तुमचं लक्ष असायचं कुठं? तुम्ही दोघं माशावर, आणि नंदा माझ्याशी बोलण्यात."

व्यंकटराव, मी क्वालिटीत काम करतो. केसाएवढी चीर मला दिसते. आणि इतके उन्हाळे माझ्यासमोर बसून जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय आहे, हे मी पाहिलं नाही. पण मला त्याहून दुसराच प्रश्न पडला होता. मी विचारलं, "अक्का, मग ही शेगडी कशाला? दर आठवड्याला एवढा घाट कशाला? तुम्ही खातच नव्हतात तर?"



"आम्ही इथं राहायला आलो तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती नुसती," त्या म्हणाल्या. "हे शिफ्टला गेले की दिवसभर बोलायला माणूस नाही. मी रडायचे. आकुर्डीला आम्ही दोघी एका खोलीत वाढलो, आणि आता नंदा दिवाळी-संक्रांतीला भेटणार. एक दिवस हे म्हणाले, 'रडू नको. नंदीला उन्हाळाभर दर आठवड्याला आणतो बघ. पाव्हण्याला खायचा लई नाद हाय. शेगडी केली की त्यो येतोय, आन् त्यो आला की ती येतीय.' दुसऱ्याच दिवशी पिंप घेऊन आले."

नंदा अक्कांच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं त्यांचा हात धरला. मला हसू येत होतं. म्हणजे गळाला मी लागलो होतो. कोंबडी, करडईचं तेल, काळा मसाला, सगळं आमिष. इतकी वर्षं मी तुमच्या गच्चीवर पाहुणा म्हणून तोऱ्यात जात होतो आणि तुम्ही मला तुमच्या बायकोच्या बहिणीला आणण्यासाठी पोसत होतात.

"आणि आमचं भांडण?" मी विचारलं. "तेही तशातलंच?"

"नाही हो," अक्का म्हणाल्या. "भांडण खरं होतं. तुम्ही गेल्यावर रात्रभर धुसफुसायचे. म्हणायचे, ह्या माणसाला माशातलं काही कळत नाही."

बरं वाटलं, व्यंकटराव. तुम्हाला कळणार नाही किती बरं वाटलं.

नामदेवराव खाली बघत होते. त्यांच्या ताटात कोंबडी तशीच राहिली होती. ते म्हणाले, "वहिनी, मी आपलं एकटेपणाचं बघून म्हनलं होतं. गावाकडं माणसं हायेत." वाईट माणूस नाही तो. त्याला तुमची काळजी होती तशी तुमच्या माणसाचीही आहे.

"गावी येईन की मी," अक्का म्हणाल्या. "सणाला येईन, जत्रेला येईन. पण राहायची इथंच. विनायकराव, ह्यांच्यामागं माझ्यासाठी काही करायचं असेल तर एवढंच करा. बुधवार सोडू नका. तुम्ही आला नाहीत तर नंदा येईल चार वेळा, मग कमी होईल, मग दिवाळी-संक्रांतच राहील. मला माहीत आहे कसं होतं ते."

नंदा म्हणाली, "असं कसं होईल?" पण मलाही माहीत होतं कसं होतं ते. मी हो म्हणालो. नुसता हो म्हणालो, आणि मग काहीतरी करायला हवं म्हणून पुन्हा जाळी खरवडायला घेतली.

अक्का माझ्या खरवडण्याकडे बघत होत्या. मग अगदी तुमच्या सुरात म्हणाल्या, "पुढच्या वेळी खवले काढून आणू नका. खवला काढला की कातडी जाळीला धरते."

मी वर बघितलं. "अक्का, तुम्ही मासा खातच नाही."

"नसेन खात. पण खवल्यासकटच बरा लागतो."

"आणि मसाला? मसाला आत कुठून जाणार?"

"पोटातून जातो की. तोंड दिलंय त्याला."

"आणि अर्धा मसाला कातडीबरोबर कचऱ्यात जातो तो?"

"जाऊ दे. अख्खा मासा कोळशात जाण्यापेक्षा बरा."

नंदा मधे पडायला गेली तर अक्कांनी तिला हातानं गप्प केलं. आम्ही भांडत राहिलो. मी माझे सगळे मुद्दे मांडले, चिरा, आगळ, चिखलाचा वास, काही म्हणजे काही सोडलं नाही. अक्कांनी एकही मुद्दा मान्य केला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या बोलायच्या थांबत नव्हत्या, माझंही तेच चाललं होतं. नामदेवराव घाबरून एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, दुखवट्याला आलेली माणसं अशी कशी भांडतात.

मी येत जाईन, व्यंकटराव. चिलापीही आणीन. अक्कांना उत्तर द्यायला माझ्याकडे पुष्कळ मुद्दे आहेत. पण त्या संध्याकाळी चिकटलेली कातडी खरवडताना मला कळलं होतं की तुमचंच बरोबर होतं, आणि ते तुमच्या तोंडावर कबूल करायची माझी तयारी होती. तेवढ्यासाठी तरी तुम्ही थांबायला हवं होतं.